अभ्यासिकेतली तीन मशिनं: स्लॉट आणि कार्डांच्या कामाच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

फोर्टमधल्या एका सीए ऑफिसने नवी कॉम्प्युटर मशिनं घेतली आणि जुनी तीन आमच्या चाळीच्या अभ्यासिकेला दिली. दोन टॅक्सीच्या डिकीत आली, एक भाच्याच्या मांडीवर. गिरगावात पोहोचेपर्यंत त्याची पँट धुळीने पांढरी झाली होती.

तिन्ही २०१३च्या सुमाराची, तिसऱ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरची. विंडोज ११ला आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर चालत नाही, त्यामुळे लिनक्स टाकायचं हे आधीच ठरलं आहे. मुलांची मागणी साधी आहे. तिन्हींवर इंटरनेट हवं, मशीन लवकर सुरू व्हायला हवं, आणि दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिला थ्रीडीचं काम करता येईल असं निदान एक तरी हवं. मदरबोर्ड बदलण्याइतके पैसे मंडळाकडे नाहीत. म्हणजे जे काही वाढवायचं ते त्यावरच्या स्लॉटमधूनच, जोडकार्डं बसवायच्या खाचांतूनच.

संध्याकाळी तिन्ही कॅबिनेट उघडली. पहिलं मोठं, बी७५ चिपसेटचा बोर्ड (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांच्यामधली चिप): वर एक लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, त्याखाली एक आखूड, मग दुसरा लांब, आणि तळाला एक पांढरा, जुन्या पद्धतीचा पीसीआय. दुसरं मध्यम, एच६१ चिपसेटचं, एक लांब आणि दोन आखूड. याचं बोर्डावरचं लॅन, म्हणजे केबलने नेट घ्यायची सोय, मेलेलं आहे, केबल लावली तरी दिवा लागत नाही. तिसरं स्लिम, उभं पुस्तक ठेवावं तसं. आत एक लांब, एक आखूड.

भाचा खूश. "मावशी, पहिल्यात दोन लांब आहेत, म्हणजे दोन ग्राफिक्स कार्डं लागतील!" मी त्याच्या हातात टॉर्च दिला आणि दोन्ही लांब स्लॉटमध्ये नीट वाकून बघायला सांगितलं. वरच्या स्लॉटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी दातांची सलग रांग. खालच्यात मागच्या पट्टीकडून रांग सुरू होते आणि निम्म्याच्याही आधी संपते. पुढे नुसतं काळं प्लॅस्टिक, रिकाम्या खोबण्या. टाचणीच्या टोकाने मोजत गेलो. एका बाजूला ३२ दात. एक्सपुढचा आकडा म्हणजे स्लॉटला डेटाच्या वाटा, लेन, किती. एक्स-१६ स्लॉटमध्ये दात ८२ असतात, एक्स-८ मध्ये ४९, एक्स-४ मध्ये ३२, आणि आखूड एक्स-१ मध्ये १८. म्हणजे खालच्या स्लॉटचं अंग एक्स-१६चं आणि जोडणी एक्स-४ची.

त्याने वहीत पहिली ओळ लिहिली: लांबी वेगळी, तारा वेगळ्या. मी त्याला खाली तिसरी ओळ रिकामी सोडायला सांगितली. ती नंतर भरू.

रविवार, ९ जून

पाऊस आला. सकाळी पहिलं मशीन लावलं आणि कॅबिनेटला हात लावताच बोटांना झिणझिण्या. टेस्टर टेकवला तर दिवा लागला.

काम तिथेच थांबवलं. चाळीचं वायरिंग जुनं, स्विचबोर्डाला तीन भोकं आहेत पण तिसऱ्याच्या मागे वायरच नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतला गोंगाट अर्थिंगकडे वळवायला. अर्थिंग नसलं की पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्मे व्होल्ट त्याच्यावर येऊन बसतात. प्रवाह अगदी थोडा, माणसाला नुसता चटका. पण चालू मॉनिटरची एचडीएमआय केबल अशा मशीनला लावताना तीच ठिणगी पोर्टमधून चिपपर्यंत जाऊ शकते. अर्थिंग आल्याशिवाय एकही कार्ड बसवायचं नाही.

मंगळवार, ११ जून

मीटर रूममधल्या अर्थिंगपासून अभ्यासिकेपर्यंत वायर ओढून झाली. वायरमनने तिन्ही पॉइंट तपासून दाखवले. टेस्टर कॅबिनेटवर विझलेला. आता कामाला हात घालता येईल.

बुधवार, १२ जून

पहिल्या मशीनच्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटमधून एक मोडेम कार्ड निघालं, ५६केचं, टेलिफोनची दोन भोकं असलेलं. ऑफिसात फॅक्ससाठी ठेवलं असावं. भाच्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेमच्या त्या किर्र आवाजावर आम्ही जीव टाकायचो, हे त्याला सांगितलं. त्याला आवाज ऐकायचा होता, पण अभ्यासिकेत फोनची लाइनच नाही.

त्याचा पुढचा प्रश्न चांगला होता. "हे कार्ड त्या काळ्या आखूड स्लॉटमध्ये का नाही गं बसत? दोन्हींचं नाव तर पीसीआयच आहे."

नावाच्या पलीकडे दोघांच्या तारांत काहीच सारखं नाही. पीसीआय १९९२चा, इंटेलने आणलेला. ३२ तारांवरून ३२ बिट एकाच ठेक्यावर, ३३ मेगाहर्ट्झने. सगळं मिळून सेकंदाला १३३ एमबी, आणि ते सगळ्या स्लॉटांत वाटून. मी त्याला आमच्या मजल्याच्या जुन्या सामायिक नळाची गोष्ट सांगितली. त्याच्या आजीच्या काळी पहाटे पाणी यायचं, नळ एक आणि बिऱ्हाडं अकरा. एकाची बादली भरत असेपर्यंत दहा जण उभे. पीसीआय म्हणजे तो नळ. पीसीआय एक्सप्रेस २००३ला आला आणि त्याने प्रत्येक खोलीत वेगळी पाइपलाइन नेली. प्रत्येक स्लॉटच्या लेन त्याच्या एकट्याच्या. एका लेनमध्ये चार तारा, दोन जायच्या आणि दोन यायच्या, त्यामुळे एकाच वेळी दोन्हीकडची वाहतूक चालते.

"पण ३२ तारांपेक्षा चार तारा जोरात कशा?" हेही त्याने विचारलं. यावर लेझीम आठवली. चार पोरींची ओळ कितीही जलद ठेक्यात एकत्र पडते. ३२ जणींची ओळ असेल तर ठेका वाढवला की टोकाची एखादी मागे पडतेच. ३२ तारांची लांबी केसभर जरी कमी-जास्त असली तरी बिट पुढे-मागे पोहोचतात, म्हणून ठेका वाढवता येत नाही. एक्सप्रेसमध्ये प्रत्येक लेन आपला ठेका स्वतःबरोबर घेऊन धावते. लेन एकमेकींपेक्षा थोड्या पुढे-मागे आल्या तरी पलीकडे रांग पुन्हा लावून घेतात. पहिल्या आवृत्तीत एका लेनला एका दिशेने सेकंदाला २५० एमबी, दुसरीत ५००, तिसरीत ९८५.

मी शिकत होते तेव्हा आयसा या त्याहून जुन्या पद्धतीचे काळे लांबलचक स्लॉट होते, १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेले. तेव्हा कार्ड बसवणं म्हणजे इवल्याशा जंपर टोप्या चिमट्याने काढून योग्य पिनांवर घालणं. साउंड कार्डाला पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. हे आकडे मला अजून स्वतःच्या जुन्या फोन नंबरासारखे पाठ आहेत. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, मागितला की दोन्ही रुसायची. आता मशीन सुरू होताना स्वतःच प्रत्येक स्लॉटला विचारतं की तू कोण, तुला काय हवं. ही सोय किती मोठी आहे हे ज्यांनी जंपर हरवून जमिनीवर गुडघ्यांवर शोधले आहेत त्यांना ठाऊक.

शनिवार, १५ जून

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लवकर सुटले आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेले. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात मात्र सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडच. पावसामुळे दुकानांवर ताडपत्र्या, खाली पाय ठेवायला जागा नाही.

घेतलं ते असं: दुसऱ्या मशीनसाठी एक्स-१ गिगाबिट लॅन कार्ड. तिसरं स्लिम मशीन खिडकीशी आहे, तिथवर केबल जात नाही, म्हणून त्याला एक्स-१ वायफाय कार्ड. दुकानदार पूर्ण उंचीचं कार्ड देत होता. मी कार्डामागची पत्र्याची पट्टी दाखवून म्हटलं, "काका, स्लिम कॅबिनेट आहे, छोटी पट्टी पाहिजे." पूर्ण उंचीची पट्टी १२० मिलिमीटर असते, स्लिमची ७९च्या आसपास. कार्ड कितीही बुटकं असलं तरी पट्टी मोठी असेल तर झाकण लागत नाही. काकांनी ड्रॉवर उपसून दोन्ही पट्ट्या असलेला डबा काढला. पक्कं बिल घेतलं, मंडळाच्या हिशेबात लागतं.

आणखी एक चीज घेतली. मोकळ्या स्लॉटांच्या मागच्या बंद पट्ट्या, मूठभर. तिन्ही कॅबिनेटना मागे उघड्या फटी आहेत आणि आमच्या चाळीत झुरळांना ऊब फार आवडते.

रविवार, १६ जून

दोन्ही कार्डं बसली. लॅन कार्ड लावताच दिवा हिरवा. एक्स-१च्या पहिल्या आवृत्तीची एक लेन २५० एमबी नेते आणि गिगाबिट लॅनला १२५च लागतात, त्यामुळे या कामाला सगळ्यात आखूड स्लॉट पुरून उरतो. लांब स्लॉट असल्या कार्डाने अडवू नये. पण आखूड सगळे भरले असतील तर एक्स-१चं कार्ड लांब स्लॉटमध्येही बिनधास्त चालतं, हेही भाच्याला लावून दाखवलं.

वायफाय लागलं, ब्लूटूथ नाही. त्याचं कारण कार्डावरच होतं. एका कोपऱ्यात चार-पाच पिनांचं बारीक सॉकेट आणि डब्यात एक नाजूक केबल. या कार्डांवर वायफाय पीसीआय एक्सप्रेसमधून बोलतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीतून. ती केबल मदरबोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला जोडावी लागते. स्लिम मशीनमधला तो हेडर पुढच्या पोर्टांनी आधीच घेतला आहे. ब्लूटूथ सोडून दिलं.

शनिवार, २२ जून

आज वेग वाढवायचा दिवस. दुसऱ्या आणि तिसऱ्या मशीनला साधी साटा एसएसडी लावली. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, साटा म्हणजे डिस्क जोडायची नेहमीची पद्धत. एच६१वर साटा सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे, तरीही जुन्या फिरत्या डिस्कपुढे जमीन-अस्मानाचा फरक. बहुतेक जुन्या मशिनांना याच्या पुढे जायची गरज नसते, हे माझं स्पष्ट मत आहे. कोणी विचारलं तर ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएसडी.

पहिल्या मशीनला मात्र मला तो एक्स-४ जोडणीचा खालचा लांब स्लॉट वापरून बघायचा होता. त्यासाठी एम.२ अ‍ॅडॅप्टर कार्ड आणलं. त्यावर जवळजवळ काहीच नसतं. एका बाजूला एम.२ची खाच, दुसऱ्या बाजूला सोनेरी दात, मध्ये नुसत्या तारा. घरी एका बिघडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली एम.२ एसएसडी होती, ती त्यात लावली. मशीन सुरू झालं, एसएसडी कुठेच दिसेना. काढली, पुन्हा लावली. नाही.

मग भिंगाखाली धरली. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, सगळं बरोबर. पण दातांच्या रांगेत दोन खाचा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. स्टिकरवर बारीक अक्षरात साटा. एम.२ हे फक्त अंगाचं माप आहे. आतून ती डिस्क साटाची भाषा बोलू शकते किंवा एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची. माझ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये एक्सप्रेसच्याच लेन आहेत. ही बिचारी साटा बोलत होती आणि पलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. एनव्हीएमई डिस्कला बहुधा एकच खाच असते, पण काहींना दोन असतात, म्हणून खाचेवर विसंबू नये, स्टिकर वाचावा. मी तो वाचला नव्हता. संध्याकाळ त्यात गेली.

रविवार, २३ जून

एनव्हीएमई आणली, २५६ जीबीची. लगेच दिसली. पण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुना, त्याला एनव्हीएमईवरून बूट कसं करायचं ते माहीतच नाही. बूटच्या यादीत ती येत नाही.

उपाय सोपा आहे आणि आवडीचाही. जुनी साटा डिस्क तशीच ठेवली, तिच्यावर फक्त बूटचं छोटं पार्टिशन. बायोस तिथून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो. कर्नलला एनव्हीएमई ओळखता येते, पुढची सगळी सिस्टम तिच्यावर. वेग मोजला, वाचताना सेकंदाला साधारण दीड जीबी. हा स्लॉट चिपसेटमधून निघतो आणि दुसऱ्या आवृत्तीचा आहे, त्यामुळे चार लेनचे जास्तीत जास्त २ जीबी, आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंतची वाटही तेवढीच. त्याच वाटेने साटा, लॅन, यूएसबी सगळे जातात. वरचा लांब स्लॉट मात्र थेट प्रोसेसरमधून निघतो, मध्ये कोणी नाही. बाहेरून दोन्ही जुळे दिसतात.

शनिवार, २९ जून

ग्राफिक्स कार्ड. अतिरिक्त पॉवर केबल न लागणारं हवं होतं, कारण एसएमपीएस साधा आहे, ग्राफिक्सची सहा पिनांची केबल त्याला नाही. एक्स-१६ स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, बहुतेक भाग १२ व्होल्टच्या रांगेतून. त्यात बसणारं जीटीएक्स ७५० टीआय सेकंडहँड मिळालं. ६० वॉटचं, २०१४चं. चेकिंग वॉरंटी सात दिवसांची.

बसवलं. क्लिक झालं. पट्टीचा स्क्रू घट्ट केला, बटण दाबलं. पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही.

रॅम काढून पुन्हा लावली, मॉनिटरची केबल बदलली, कार्ड काढून पुन्हा बसवलं. तेच. शेवटी कॅबिनेट आडवं केलं आणि स्क्रू फिरवताना कार्डाकडे बाजूने बघत राहिले. स्क्रूचा शेवटचा अर्धा वेढा घेताना पट्टी मागच्या पत्र्याला खेचली जाते आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून हळूच वर येतं. मिलिमीटरभर, जास्त नाही. सोनेरी दातांची एक बारीक रेघ प्लॅस्टिकच्या वर दिसायला लागते. कॅबिनेटचा पत्रा किंचित वाकलेला होता, त्यामुळे पट्टीखालची जीभ त्याच्यावर अडत होती.

भाच्याला त्या टोकाचा शेवटून दुसरा दात दाखवला. बाकीच्यांपेक्षा आखूड आहे. तो मुद्दाम तसा असतो. कार्ड पूर्ण बसलं की तो सगळ्यात शेवटी टेकतो आणि मशीनला कळतं की कार्ड हजर आहे. टोक उचललं गेलं की पहिला तोच सुटतो.

पत्रा पक्कडीने सरळ केला. कार्ड बसवून आधी दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबलं, मग स्क्रू, तोही बेताने. डिस्प्ले आला. मुलीने तिचं मॉडेल उघडून फिरवून पाहिलं. अडखळलं नाही.

मंगळवार, २ जुलै

रात्री भाच्याचा फोन. "मावशी, कार्ड अर्धंच चालतंय."

त्याने लिनक्समध्ये एलएसपीसीआय या कमांडने कार्डांची सविस्तर यादी काढली होती. प्रत्येक कार्डाच्या खाली दोन ओळी असतात: एक क्षमतेची, म्हणजे कार्डाला काय जमतं, आणि एक सध्याच्या स्थितीची, म्हणजे आत्ता काय चाललंय. क्षमतेत सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, हे लेनच्या वेगाचं माप, आणि एक्स-१६. स्थितीत २.५ आणि एक्स-८.

वेग २.५ दिसतोय त्याची काळजी नको, असं सांगितलं. कार्ड निवांत असतं तेव्हा वीज वाचवायला वेग खाली आणतं. मॉडेल फिरवत असताना पुन्हा बघ. बघितलं, ८ झाला. तिसरी आवृत्ती, म्हणजे प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा असल्याचा फायदा मिळतोय. याच बोर्डावर दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असता तर ५वरच अडकलं असतं.

पण एक्स-८ तसंच राहिलं. ते मात्र बरोबर नाही.

सोमवार, ८ जुलै

पहाटेपासून मुंबई बुडालेली. लोकल बंद, कॉलेजला सुट्टी. अभ्यासिका दोन जिने उतरून, तिथे जायला काही अडचण नाही.

कार्ड आणि स्लॉट यांची सुरू होताना बोलणी होतात. किती लेन दोन्हीकडून जुळतायत ते बघून १६, ८, ४ किंवा १ असा आकडा ठरतो. एखादी लेन गप्प असली तर रडारड न करता खालच्या आकड्यावर ठरतं आणि काम चालू राहतं. म्हणूनच हा दोष लपून राहतो. डिस्प्ले येतो, सगळं चालतं. आठपर्यंतच्या लेन एका बाजूच्या ४९व्या दातापर्यंत संपतात. म्हणजे खोट असली तर त्याच्या पुढे.

कार्ड काढून खिडकीशी भिंग घेऊन बसले. ४९व्या दातापर्यंत सोनं स्वच्छ. पुढे, साठाच्या आसपास, चार-पाच दातांवर तपकिरी डाग, चहाचा थेंब वाळावा तसा. समुद्राची खारी हवा, वर्षानुवर्षांचा पावसाळा, मध्ये कधीतरी कोणाचं ओलं बोट. इथे प्रत्येक जुन्या कार्डावर थोडंफार हे असतंच.

खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि रॅमवर मीही ती केली आहे. आता करत नाही. खोडरबरात बारीक खरखरीत कण असतात आणि सोन्याचा थर अगदी पातळ. तो गेला की खालचं निकेल उघडं पडतं आणि मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत आणखी वाईट होतं. चष्मा पुसायचं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं केलं आणि दातांच्या दिशेने, वरून खाली, एकेक दात पुसला. आडवं पुसलं की कापडाचा धागा दातांच्या कडेत अडकतो. तिसऱ्या घडीवर तपकिरी रंग आला, पाचव्यावर कापड कोरंच राहिलं. मग स्लॉटमध्ये हातपंपाच्या ब्लोअरने हवा. आत बोट किंवा ब्रश घालू नये, ते पितळी दात वाकले की सगळा बोर्ड गेला.

अर्धा तास वाळू दिलं. या हवेत वाळायला वेळ लागतो.

लावलं. स्थिती: एक्स-१६.

भाचा ओरडलाच. या कार्डाला आठ लेनमध्येही फारसा फरक पडला नसता, हे मला माहीत आहे आणि त्यालाही सांगितलं. पण स्लॉट काय म्हणतोय ते आपण वाचलं आणि त्याच्या सांगण्यावरून डागापर्यंत पोहोचलो, याचा मला दिवसभर आनंद होता. त्याने वहीतली तिसरी ओळ भरली: चालू किती, ते मशीनलाच विचारायचं.

शनिवार, १३ जुलै

दुसऱ्या मशीनला यूएसबी ३. एच६१ चिपसेटमध्ये ती मुळातच नाही. एक्स-१ कार्ड, मागे चार पोर्ट. कार्डावर साटा पॉवरचं सॉकेट दिसलं आणि भाच्याने विचारलं की ७५ वॉट मिळत असताना हे कशाला. ७५ एक्स-१६ला. एक्स-१ला सुरुवातीला १० वॉटच. शिवाय यूएसबीला ५ व्होल्ट लागतात आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये ५ व्होल्टची तारच नाही, फक्त १२ आणि ३.३. जुन्या पांढऱ्या पीसीआयमध्ये ५ होते. चारही पोर्ट भरले तर प्रत्येकी साडेचार वॉट, म्हणजे १८. म्हणून एसएमपीएसची वायर थेट कार्डाला. ती लावायला विसरलं की माउस चालतो आणि हार्ड डिस्क लावली की बंद पडते.

कार्ड चाललं आणि इंटरनेट गेलं.

लॅन कार्डाचा दिवा हिरवा, तरी नेटवर्कचा पत्ता नाही. दहा मिनिटं तिथेच घुटमळले. मग लक्षात आलं की लिनक्स लॅनचं नाव स्लॉटच्या जागेवरून ठेवतो. काल ते ईएनपी२एस० होतं, म्हणजे बस (मशीनने वाटेला दिलेला क्रमांक) २, स्लॉट ०. यूएसबीचं कार्ड मोजणीत आधी आलं, बसचे आकडे एकाने सरकले आणि लॅन झालं ईएनपी३एस०. मी पक्का पत्ता जुन्या नावाला बांधला होता. आता तो कार्डाच्या स्वतःच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेल्या क्रमांकाला, बांधला. कार्ड कुठेही हलवा, पत्ता बरोबर जाईल.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. सुट्टी. खिचडी खाऊन तिन्ही मशिनांच्या मागच्या फटींना बंद पट्ट्या लावल्या. पहिल्यात एक पट्टी कमी पडली, पांढऱ्या पीसीआयची. मोडेमचीच पट्टी कार्डावरून सोडवून तिथे लावली. टेलिफोनची दोन भोकं राहिली, ती आतून जाळीच्या तुकड्याने बंद केली. ग्राफिक्स कार्ड दोन पट्ट्यांच्या जागेचं आहे, त्यामुळे त्याखालचा आखूड स्लॉट झाकला गेला. म्हणजे पहिल्या मशीनमध्ये आता नव्या कार्डाला जागा उरली ती फक्त त्या पांढऱ्या पीसीआयमध्ये.

रविवार, २१ जुलै

भाच्याने प्रत्येक कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्यावर स्लॉट वरून खाली काढले आहेत. प्रत्येकाच्या पुढे लांबी, आतली जोडणी, कुठून निघतो, सध्या कोणतं कार्ड आणि शेवटची साफसफाई कधी. पहिल्याच्या कागदावर दुसऱ्या लांब स्लॉटपुढे त्याने टॉर्चचं चित्र काढलं आहे.

राहिलेलं काम: स्लिममध्ये सिलिका जेलच्या दोन पिशव्या. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की तिन्ही उघडून एलएसपीसीआयच्या ओळी पुन्हा लिहून घ्यायच्या आणि आजच्याशी ताडून बघायच्या. मोडेम कार्ड माझ्या कपाटात आहे. लाइनवाला फोन अजून चालू असलेलं कोणाचं घर सापडलं, तर त्या पोराला एकदा तो आवाज ऐकवायचा आहे.